गेनबाने पक्ष बदलला

कुसळवाडीत गेनबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? कोणी ‘जरा डोकं लाव’ म्हटलं, की तो भिंतीला डोकं लावून उभा राहायचा.

गेनबा हणमंतअण्णांच्या गोठ्यावर कामाला होता. अण्णा छत्रीवाल्यांचे पुढारी. गावात पक्ष दोनच, छत्रीवाले आणि शिट्टीवाले. छातीवर छत्रीचा बिल्ला लावला की माणूस छत्रीवाला, गळ्यात शिट्टी घातली की शिट्टीवाला. निवडणुकीआधी प्रत्येक पक्ष आपली सभा घ्यायचा आणि हात वर करून आपला उमेदवार ठरवायचा. पक्ष बदलायची मोकळीक होती, पण एकदाच. बदलला की निवडणूक होईपर्यंत परत फिरायचं नाही.

एक दिवस अण्णांनी गेनबाला जवळ बसवलं.

“हे बघ, शिट्टीवाल्यांकडून दोघांना सरपंच व्हायचंय. एक सरूबाई. बाई खमकी आहे, ती उभी राहिली तर माझं काही खरं नाही. दुसरा दौलतराव. तो उभ्या उभ्या झोपतो. तो समोर असला तर मी आरामात निवडून येतो. तू पक्ष बदल, त्यांच्या सभेला बस, अन् दौलतरावासाठी हात वर कर.”

गेनबाच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुम्हाला सोडून जाऊ, अण्णा?”

“अरे, खोटं खोटं जायचंय! आणि कोणी पाठवलं ते सांगायचं नाही.”

गेनबा गेला. शिट्ट्या वाटायला सरूबाईच बसल्या होत्या.

“काय रे गेनबा, तुला इकडे कोणी पाठवलं?”

“ते सांगायचं नाही, असं हणमंतअण्णांनी बजावलंय.”

सरूबाई पोट धरून हसल्या. “घाला रे याच्या गळ्यात शिट्टी. इतकं खरं बोलणारा माणूस आपल्यात एकही नाही.”

अण्णांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “अरे शहाण्या, माझा विषय निघाला की म्हणायचं, मी या माणसाला ओळखतच नाही!”

“बरं अण्णा, पुढच्या वेळी.”

दुसऱ्या दिवशी अण्णा गेनबाला मागे बसवून फटफटीवरून तालुक्याला निघाले. वाटेत हवालदाराने अडवलं. लायसन घरी राहिलं होतं.

“मी कुसळवाडीचा पुढारी आहे,” अण्णा म्हणाले. “विचारा या गड्याला!”

गेनबा फटफटीवरून उतरला, दोन पावलं लांब सरकला आणि म्हणाला, “मी या माणसाला ओळखतच नाही.”

अण्णांची दुपार चौकीच्या बाकड्यावर गेली. सुटल्यावर ते कडाडले, “गाढवा! तिथं छातीला हात लावून म्हणायचं, हा देवमाणूस आहे, याच्यासाठी जीव देईन!”

“बरं अण्णा, पुढच्या वेळी.”

बाजाराच्या दिवशी लोकांनी एक कोंबडीचोर पकडला. त्याच्या धोतराच्या सोग्यातून कोंबडीचे पाय बाहेर लोंबत होते. चोराला गराडा पडलेला पाहून गेनबा धावत मध्ये घुसला आणि छातीला हात लावून ओरडला, “हा देवमाणूस आहे, याच्यासाठी जीव देईन!”

लोकांनी चोराला दिलं त्यातलं निम्मं गेनबाला दिलं.

गेनबाची पाठ शेकता शेकता अण्णा म्हणाले, “अरे, चार लोक ओरडत असले की आपणही ओरडायचं, चोर आहे, धरा, सोडू नका!”

“आई गं... बरं अण्णा, पुढच्या वेळी.”

मग शिट्टीवाल्यांच्या सभेचा दिवस आला. चावडीसमोर माणसं जमली. खांबाला टेकून दौलतराव घोरत होते. त्यांचं नाव पुकारताच त्यांच्या माणसांनी गलका केला, “दौलतरावांचा विजय असो!”

चार लोक ओरडतायत हे गेनबाने पाहिलं. तो सगळ्यांच्या वर आवाज चढवून ओरडला, “चोर आहे! धरा, सोडू नका!”

दौलतराव दचकून जागे झाले. आपण काय चोरलं ते काही त्यांना आठवेना. पण पळणं बरं, असं वाटून ते जे सुटले ते थेट ज्वारीच्या रानात. उमेदवारच पळाला म्हटल्यावर सभा दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळवर गेली.

अण्णांनी रागाने टोमणा मारला. “एकटाच कशाला गेलास? सगळ्या छत्रीवाल्यांना न्यायचं होतंस! माझ्या बायकोला, तुझ्या काकूला ने! मलाही ने!”

गेनबाला आश्चर्य वाटलं. इतकी सोपी गोष्ट अण्णांनी आधीच का नाही सांगितली?

सकाळपासून तो छत्रीवाल्यांची घरं फिरला. “अण्णांचा हुकूम आहे. बिल्ला काढा, शिट्टी घाला, अन् संध्याकाळी दौलतरावासाठी हात वर करा.” लोक म्हणाले, अण्णांचा काहीतरी मोठा डाव दिसतोय. काकूंनीही बिल्ला काढून देव्हाऱ्यात ठेवला. अण्णा तेवढे ओसरीवर पालथे झोपले होते. त्यांची झोपमोड नको म्हणून गेनबाने हलक्या हाताने त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि दोर सदऱ्याच्या कॉलरखाली नीट सारला.

संध्याकाळी अण्णा मारुतीच्या देवळात आपल्या पक्षाच्या सभेला गेले. तिथं मारुती सोडून कोणीच नव्हतं. चावडीकडून मात्र टाळ्या ऐकू येत होत्या. अण्णा धावतच तिकडे गेले. बघतात तर सगळे छत्रीवाले हात वर करून बसलेले! पहिल्या रांगेत काकू, दोन्ही हात वर करून. समोर दौलतराव हारासकट झोपलेले.

“अरे, सगळेच्या सगळे कसे इकडे आलात!” अण्णा गरजले. “काही हरकत नाही. मी छत्रीकडून उभा आहे!”

“अण्णा,” त्यांच्या कॉलरबाहेर आलेला दोर बघून सरूबाई थकल्या आवाजात म्हणाल्या, “आधी गळ्यात काय आहे ते बघा.”

अण्णांनी सदऱ्यात हात घातला. शिट्टी हाताला लागली. ते मटकन खाली बसले.

“गेन्या... अरे, आता दौलतरावाच्या विरोधात उभं कोण राहणार?”

गेनबाने आनंदाने अण्णांचे पाय धरले.

“कोणी उरलंच नाही, अण्णा! सगळे आपलेच. तुम्ही म्हणालात तस्साच उमेदवार दिला, अन् आता तो पडायचीही भीती नाही!”