एका पडद्यामागचे दोन दिवे

बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, फार फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात कुसाजी नावाचा बाहुल्यांचा खेळ करणारा राहत होता. पुढे पांढरा पडदा, मागे पितळेचा दिवा, मधे चामड्याच्या बाहुल्या. पडद्यावर त्यांच्या सावल्या नाचायच्या आणि कुसाजीची बायको येसू गोष्ट गायची. जत्रेतल्या खेळाचा मान पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घराचा.

पण जत्रेची गर्दी वाढली. पडदा मोठा शिवावा लागला, दिवा बिचारा होता तेवढाच राहिला. मागच्यांना राजा कोण आणि घोडा कोण, काही कळेना.

पाटील म्हणाले, "कुसाजी, राग मानू नकोस. यंदा मागच्यांना दिसलं नाही, तर पुढच्या वर्षी मान दुसऱ्याला द्यावा लागेल."

कुसाजी दिवा घेऊन तडक तांबटाकडे गेला.

तांबट म्हणाला, "हा दिवा मोडीत दे. पितळेत भर घालून जाड वातीचा मोठा दिवा ओतून देतो."

"माझ्या आज्याचा दिवा आहे हा," कुसाजी म्हणाला. "तू असाच आणखी एक दे. एकाचे दोन झाले की उजेड दुप्पट."

येसू म्हणाली, "अहो, आधी घरी लावून तरी बघू." पण कुसाजी कुणाचं ऐकेल तर शपथ.

जत्रा भरली. अंधार पडताच दोन्ही दिवे पेटले आणि पडदा लख्ख उजळला. कुसाजीने मिशीला पीळ देऊन राजाची बाहुली वर धरली.

पडद्यावर दोन राजे आले. एक या दिव्याचा, एक त्या दिव्याचा. दोघेही फिकट, कारण एका दिव्याने पाडलेली सावली दुसरा दिवा पुसत होता. इकडे येसू गात होती, "राजा एकटाच निघाला वनाला."

"एकटा कुठला? जुळा भाऊ आहे की संगतीला," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी जत्रा पोट धरून हसू लागली.

येसूने हळूच एक दिवा फुंकून विझवला. राजा एक झाला, पण मागच्यांना पुन्हा काही दिसेना. खेळ कसाबसा उरकला. कुसाजीला मान वर करवेना.

पाटलांना त्याची दया आली. "जत्रेचा शेवटचा दिवस अजून बाकी आहे," ते म्हणाले.

घरी कुसाजी आज्याचा दिवा मांडीवर घेऊन बसला. येसू जवळ येऊन म्हणाली, "आजेसासऱ्यांनी तुमच्या हाती काय सोपवलं होतं, दिवा की खेळ?"

कुसाजी रडला. मग डोळे पुसून उठला आणि त्याने दोन्ही दिवे तांबटापुढे ठेवले. पितळ वितळताना त्याला बघवलं नाही, तो पाठ फिरवून उभा राहिला.

शेवटच्या दिवशी पडद्यामागे एकच मोठा दिवा तेवत होता. राजा वनाला निघाला, आणि अगदी मागे, झाडाखाली बसलेली एक म्हातारी शेजारणीला मोठ्यांदा म्हणाली, "अगं, राजाच्या कानात डूल आहे. इतकी वर्षं मला ठाऊकच नव्हतं."

पडद्यामागे कुसाजीने ते ऐकलं. खेळाचा मान त्याच्याच घरात राहिला.

तात्पर्य: अपुऱ्याला अपुऱ्याची जोड देऊन काम पुरं होत नाही, माया आवरून पुरेसं असेल ते एकच घ्यावं.