वामनरावांची पाटी

"…पण बाबा, घ्यायचंच नाही असं ठरवल्यावर घ्यायचं कसं?" वामनरावांनी विचारलं.

केरोबांनी पुढे केलेली चुरमुऱ्यांची मूठ तशीच हवेत राहिली. टेकडीवरच्या त्या मठात कोणीही आलं, की म्हातारा आधी त्याच्या ओंजळीत चुरमुरे घालायचा आणि मगच बोलायचा. मठाची रीतच होती ती. भले भले तिथे ओंजळ पुढे करून बसत.

"माझ्याकडूनसुद्धा नाही?"

"कुणाकडूनच नाही. साठीचा वाढदिवस आहे. हा महिनाभर काही घ्यायचं नाही. एकदा शब्द दिला तो दिला."

"बरं." म्हाताऱ्याने मूठ परत डब्यात सोडली आणि झाकण लावलं.

वामनरावांना जरा चुकल्यासारखं झालं. खाली तालुक्याच्या गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. माणूस मनाने सोन्यासारखा. फक्त आपण चांगलं वागतोय हे इतरांच्या आधी त्याला स्वतःलाच कळायचं.

ते सांगू लागले. शाली आणि गुच्छ आणण्यापेक्षा वीटभट्टीवरच्या मुलांच्या वाचनवर्गाला काहीतरी द्या, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं होतं. त्या मुलांचे आईबाप दिवाळीनंतर भट्टीवर येतात आणि पावसाआधी निघून जातात, त्यात मुलांची शाळा मधेच सुटते. म्हणून हा वर्ग. दुकानाच्या दारात पेटी ठेवली होती आणि पेटीच्या वर पाटी. पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती.

"लोकांनी दिलं?"

"भरभरून दिलं, बाबा. पुस्तकं येतील, वर्गाच्या खोलीवर नवे पत्रे पडतील."

"चांगलं केलंस रे." केरोबा मनापासून म्हणाले.

वामनराव खुलले. "आणि सगळ्यात मोठा आनंद सांगू? काल भट्टीवरून मुलंच आली, चालत. पुढे मैना. दिवाळीला या पोरीला एक अक्षर ओळखता येत नव्हतं. ती दारात थांबली, पाटीकडे बोट केलं आणि वाचायला लागली. भे… ट… व… स्तू… आ… णू… न… ये… त. सगळं वाचलं, बाबा. कुणी न सांगता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

म्हाताऱ्याच्याही आलं. त्याने ते धोतराच्या सोग्याने पुसलं.

"मग?"

"मग मी टाळ्या वाजवल्या. दुकानातल्या सगळ्यांना वाजवायला लावल्या."

"आणि ती?"

"ती…" वामनराव थांबले. "ती गप्प उभी राहिली. फ्रॉकचा घेर गच्च धरून."

"त्यात काय होतं?"

"बोरं. भट्टीमागे बोरी आहेत ना, काट्यांत शिरून काढतात पोरं. हात सगळे ओरबाडलेले होते तिचे."

"तुझ्यासाठी आणली होती?"

"हो. पण मी समजावलं तिला, अगदी प्रेमाने. म्हटलं, बाळ, मी कुणाकडूनच काही घेत नाही, आणि तुमच्याकडून तर नाहीच नाही. तुम्हालाच तर द्यायचंय."

"काय म्हणाली?"

"काही नाही… गेली."

केरोबांनी खाली पाहिलं. टेकडीच्या पायथ्याशी भट्टीचा धूर सरळ वर चढत होता.

"आज वर्गाला आली होती का?"

वामनरावांनी मान खाली घातली. टेकडी चढून ते खरं तर याचसाठी आले होते, आणि इतका वेळ तेच सोडून बाकी सगळं बोलत होते.

"नाही आली. शिकवणाऱ्या बाई तिच्या झोपडीवर जाऊन आल्या. वाचायला नको म्हणते." त्यांनी मान वर केली. "फार हुशार आहे हो पोरगी. तिचं शिकणं माझ्यापायी सुटलं तर… बाबा, मी जातो तिच्याकडे. नवी पुस्तकं घेऊन जाऊ का? की फ्रॉक नेऊ चांगलासा?"

"अजून देणारच आहेस?"

वामनराव गोंधळले.

"तिने आपल्या मनाने पहिल्यांदा काही वाचलं," केरोबा हळूच म्हणाले, "तर ते काय वाचलं रे?"

वामनरावांचे ओठ हलले. आपलीच पाटी ते मनात वाचत होते.

म्हाताऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातात रागाचा लवलेश नव्हता.

"नाव कुणी ठेवलं तुझं?"

"आजीने."

"बळीच्या दारात जाऊन मागणाऱ्याचं नाव ठेवलं तिने. आणि तुला मागता येत नाही."

"मागतो की, बाबा. सगळ्या गावाकडे मागितलं."

"ते मुलांसाठी. मुलांकडे कधी मागितलंस?"

वामनराव आठवू लागले. साठ वर्षांत मुलांना त्यांनी कपडे दिले होते, पाट्या-पेन्सिली दिल्या होत्या, होते नव्हते ते सगळे उपदेशही दिले होते. मागितल्याचं एकदाही आठवेना.

"मग आता काय करू?"

केरोबांनी चुरमुऱ्यांचा डबा पुढे ओढला आणि झाकण उघडलं.

वामनराव डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश दोन्ही हात पुढे केले आणि ओंजळ धरली. शब्द मोडला, महिनाही मोडला. शाळेतल्या पोरासारखे ते ओंजळ धरून बसले.

म्हाताऱ्याने मूठ भरली. त्या ओंजळीकडे मायेने पाहिलं… आणि मूठ पुन्हा डब्यात रिकामी केली.

"बाबा… रागावलात?"

"नाही रे वेड्या. ही मी भरली, तर बोरं कशात घेशील?"