सुईणीच्या घरातली गाठोडी

ऐका तर. दोन ओढ्यांच्या मधे वसलेल्या एका लहानशा गावात एक सुईण राहायची. तिचं नाव धुरपा. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्माला आली होती. बाळ आडवं असो की पायाळू, धुरपाचा हात पोटावरून फिरला की बाळंतिणीच्या जिवात जीव यायचा.

त्या गावात एक रीत होती. जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा ज्या मऊ फडक्यात गुंडाळायचं, ते फडकं बाराव्या दिवशी सूपभर धान्यासोबत सुईणीला द्यायचं. सुईण त्या फडक्यांची गोधडी शिवायची, नाहीतर जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण आली की तिला देऊन एखादं भांडं घ्यायची. धुरपाही आधी तेच करायची.

मग एके वर्षी तेलघाण्यावरच्या यमुनेला पहिला मुलगा झाला. बाराव्या दिवशी धुरपाला फडकं मिळालं. दोन दिवसांनी बोहारीण दारात आली आणि धुरपाने ते फडकं देऊन पितळेची पळी घेतली. त्यानंतर चौथ्या दिवशी यमुनेचं बाळ तापाने गेलं.

धुरपाने पळीची गोष्ट कुणालाच सांगितली नाही. गुपचूप जाऊन ती पळी विहिरीत टाकली. पण मनात एक गोष्ट रुतून बसली, ती काही केल्या निघेना. आपण फडकं घराबाहेर घालवलं, म्हणून बाळ गेलं.

त्या दिवसापासून धुरपाच्या घरातून काही बाहेर जायचं बंद झालं. प्रत्येक बाळाचं फडकं ती घडी करून ठेवू लागली. मग फडक्याबरोबर कुंची, कुंचीबरोबर खुळखुळा, पाळण्याची तुटकी दोरी, लहानपणी फुटलेली पाटी, मोडका भोवरा. पोरांच्या हातातलं काहीही उकिरड्यावर दिसलं की ती पदराखाली लपवून घरी आणायची. कुणाचं काय, हे तिला हात लावूनच कळायचं. हे लोहाराच्या थोरलीचं, ही गुरवाच्या जुळ्यांची. रोज दिवा लावताना ती गाठोड्यांवरून हात फिरवायची आणि पुटपुटायची, "सगळे आहात ना रे?"

अशी पंचवीस वर्षं गेली. गाठोडी आढ्याला टेकली. खिडकी त्यांच्यामागे गेली ती गेलीच. दारापासून चुलीपर्यंत एक माणूस तिरकं होऊन जाईल एवढीच वाट उरली. गाठोड्यांत उंदीर धावायचे, भिंतीला वाळवी लागली. धुरपा भिंतीला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायची. घरात येऊ ती कुणालाच द्यायची नाही.

एके दिवशी भर दुपारी कुंभाराने दारावर थाप मारली; त्याच्या बायकोचे, सारजेचे, दिवस भरले होते. "धुरपामावशी, लवकर चल! सारजेला कळा सुटल्यात!"

धुरपा लगबगीने उठली. तिचा पदर एका गाठोड्याच्या गाठीत अडकला. तिने तो ओढला आणि वरची सगळी रास तिच्या अंगावर आली. कमरेपर्यंत ती गाडली गेली. काही गाठोडी घरंगळत दारापाशी गेली आणि आत उघडणारं दार गच्च बसलं. बाहेरून कुंभार ढकलतोय, आतून धुरपा ओरडतेय, आणि दार हलत नाही. चार माणसं जमली, खांदे लावले, तेव्हा कुठे ते हातभर उघडलं.

धुरपा कुंभारवाड्यात पोचली तोवर बाळ जन्मलं होतं. नाळेचा वेढा गळ्याला बसून ते निळं पडलं होतं. सारजेच्या सासूने वेढा सोडवला आणि पाठीवर थापटून थापटून त्याला रडवलं, म्हणून ते वाचलं. धुरपा त्या निळसर ओठांकडे पाहत राहिली.

कुंभार संतापला होता. "उद्या बैलगाडी आणतो. एका दिवसात तुझं घर रिकामं करतो आणि सगळं ओढ्याकाठी पेटवून देतो!"

हे ऐकताच धुरपा उठली. ती घरी पळाली आणि उंबऱ्यावर आडवी पडली. "आधी माझ्यावरून गाडी घाला," एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी सारजेनेच नवऱ्याला अडवलं.

सव्वा महिना झाल्यावर सारजा स्वतः धुरपाच्या दारात आली. काखेत बाळ होतं.

"मावशी, मी रोज येत जाईन. तू सांगशील तेवढंच बाहेर काढायचं. तुला विचारल्याशिवाय मी कशालाच हात लावणार नाही."

"तू कशाला करतेस हे? तुझं बाळ माझ्यामुळे..."

"पुढच्या बाळंतपणाला मला तूच हवीस," सारजा म्हणाली. "आणि तुला दाराबाहेर पडता आलं पाहिजे."

आधी निघाल्या त्या ज्यांना धनी नव्हता त्या वस्तू. फुटकी मडकी, वाळवीने खाल्लेले पाट, उंदरांनी कुरतडलेल्या चिंध्या. तेवढंही धुरपाला जड गेलं. एक तुटकी दोरी टाकायला ती अर्धा दिवस घ्यायची. कधी टाकलेली वस्तू संध्याकाळी परत उचलून आणायची. सारजा रागवायची नाही. "बरं, उद्या पाहू," म्हणायची. तीन महिन्यांनी खिडकी दिसली.

मग राहिली ती पोरांची फडकी. ती पाहून धुरपाचे हात गार पडायचे.

"सारजे, ही नको. ही गेली तर..."

"तर काय होईल, मावशी?"

धुरपा दुसरंच गाठोडं पुढे ओढायची. जे वाटत होतं ते तोंडावाटे काढलं तर खरं होईल, अशी तिला धास्ती होती.

शेवटी सारजेनेच एक मार्ग सुचवला. "टाकू नकोस. ज्याचं त्याला नेऊन दे."

हे धुरपाला त्यातल्या त्यात बरं वाटलं. पहिलं फडकं कुणाचं काढायचं यावर तिने आठ दिवस घालवले. शेवटी डोळे मिटून हात घातला, तर बरोबर यमुनेच्या धाकट्याचं निघालं. पहिलं बाळ गेल्यावर चार वर्षांनी यमुनेला म्हादू झाला होता. आता तो एकवीस वर्षांचा, घाणा एकटा सांभाळणारा गडी होता. धुरपा काम असल्याशिवाय कधी त्या दारात गेली नव्हती. त्या दिवशी मान खाली घालून गेली, फडकं यमुनेच्या हातात दिलं आणि मागे न बघता निघाली. यमुनेने ते नाकाशी धरून हुंगलं, हसली आणि पेटीत ठेवलं.

दोन दिवस धुरपा कान टवकारून बसली. घाण्याचा कुरकुर आवाज आला की तिला हायसं वाटायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला नाही.

सारजा पाणी घेऊन जाताना म्हणाली, "म्हादूला रात्रीपासून ताप भरलाय म्हणे."

 पंचवीस वर्षं जिला दाराबाहेर थोपवून धरलं होतं, ती गोष्ट आली होती. धुरपा अनवाणीच धावत सुटली. वाटेत तिला ठेच लागली, अंगठ्यातून रक्त आलं, पण तिला त्याचं भान नव्हतं. मागोमाग सारजाही धावली.

म्हादू ओसरीवर घोंगडीवर पडला होता. ओठ सुकलेले, डोळे लाल, अंगाला हात लावावा तर चटका बसेल असा ताप. यमुना उशाशी बसली होती.

"यमुने, ते फडकं दे! आधी फडकं दे मला!" धुरपा दारातूनच ओरडली.

"कसलं फडकं? काय झालंय तुला?"

"मी आणून दिलं ते. ते माझ्याच घरात राहायला हवं होतं. मी ते घालवलं म्हणून हा पडला. तुझ्या पहिल्याचंही असंच झालं गं! त्याचं फडकं मी बोहारणीला दिलं. एका पळीसाठी दिलं. चौथ्या दिवशी तो गेला. मीच घालवला तुझा मुलगा!"

पंचवीस वर्षं कोंडलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. धुरपाने ओसरीच्या खांबाला धरलं. आता यमुना आपल्याला शिव्या देईल, मारील, गावाला ओरडून सांगेल, असं तिला वाटलं.

 यमुना उठून आत गेली आणि पेटी घेऊन आली.

"हे बघ," ती म्हणाली. तिने एकेक वस्तू बाहेर काढली. दूध पाजायचं बोंडलं. काळा गोफ. कुंची. कागदात बांधलेली वाळकी नाळ. "माझ्या पहिल्याचं आहे. तुला दिलेलं ते एक फडकं सोडलं, तर त्याच्या अंगाला लागलेलं काही मी बाहेर जाऊ दिलं नव्हतं. तो आजारी पडला तेव्हाही सगळं याच घरात, त्याच्या उशाशी होतं. तरी गेला ना तो?" तिने कुंची घडी करून परत ठेवली. "तुझ्या एका फडक्यात कसली आलीय एवढी ताकद, धुरपा?"

 सारजा मागून हळूच म्हणाली, "मावशी, गावात सात जणांना ताप आहे. परवाच्या जत्रेतलं पाणी बाधलंय. त्यातल्या सहा जणांची फडकी अजून तुझ्याच घरात आहेत."

म्हादू कण्हला. यमुनेने पेटीतून त्याचं फडकं काढलं आणि धुरपापुढे धरलं.

"हवंच असेल तर घेऊन जा. मी अडवत नाही. पण माझं पोर इथं तापलंय आणि गावात तुझ्याइतका अनुभव कुणालाच नाही. काय करायचं ते तूच ठरव."

धुरपाने फडकं हातात घेतलं. तिचं घर समोर दिसत होतं. धावत जावं, हे पुन्हा गाठोड्यात कोंबावं, वर दहा गाठी माराव्यात, असं तिला वाटत होतं. पाय निघालेही होते. तेवढ्यात म्हादूने सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"पाणी आणा," धुरपा म्हणाली. "घागरीतलं गार आणा. आणि प्यायला उकळून निववलेलं."

तिने फडक्याचं एक टोक दातात धरलं आणि ओढलं. टर्र आवाज झाला. त्या आवाजाने क्षणभर तिला म्हादूकडे बघवेना. आपण आपल्या हाताने हे पोर मारलं, असंच तिला वाटलं. तरी तिने दुसरी पट्टी फाडली, तिसरी फाडली. पट्ट्या गार पाण्यात बुडवून त्याच्या कपाळावर, पोटऱ्यांवर ठेवल्या. एक पट्टी गरम झाली की दुसरी. यमुना चमच्याने पाणी पाजत होती, सारजा घागर भरून आणत होती. म्हादूचा श्वास जरा अडला की धुरपाचाही अडायचा.

दिवेलागणीला ताप थोडा उतरला, पुन्हा चढला. धुरपा दोन दिवस त्या ओसरीवरून हलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हादूला दरदरून घाम फुटला आणि त्याने पेज मागितली. गावातले बाकीचे सहा जणही एकेक करून उठले.

घरी परतल्यावर धुरपा एकदम धीट झाली, असं काही झालं नाही. दुसरं फडकं काढताना तिचे हात तितकेच गार पडले. पण ती ते देऊन आली, आणि आल्यावर तिच्या लक्षात आलं की ते कुणाचं होतं, ते पोर जन्मताना पाऊस किती होता, सगळं तिला जसंच्या तसं आठवतंय. फडकं गेलं तरी त्यातलं काहीच गेलं नव्हतं.

कुणी फडकं हसत घेतलं, कुणी कौतुकाने नातवाला दाखवलं. काहीजण म्हणाले, "आम्ही काय करू याचं, आजी?" त्यांची धुरपाने उकळून धुतली आणि सारजेच्या बाळाला लंगोट शिवले. एक लहानशी टोपली मात्र तिने कोनाड्यात ठेवली. जी पोरं जगली नाहीत त्यांची फडकी त्यात होती. 

वर्ष सरलं. लोहाराच्या थोरल्या लेकीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी लोहारणीने धान्य आणि त्यावर ठेवलेलं फडकं पुढे केलं. धुरपाने धान्य पदरात घेतलं.

"फडकं तुमच्याच घरी राहू दे. पोरीला पुसायला होईल."

दोन दिवसांनी कळलं की पोरीला सर्दी झालीय.  धुरपा तडक लोहाराच्या घरी गेली. फडकं कुठे आहे, हे तिने विचारलं नाही. पोरीची छाती शेकली, ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवली, आईला दूध कसं पाजायचं ते दाखवलं. परतताना वाटेत तिने दोनदा वळून लोहाराच्या दाराकडे पाहिलं. घरी येऊन तिने चूल पेटवली आणि भात टाकला.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: भीतीपोटी साठवलेल्या वस्तू कुणाचा जीव राखत नाहीत, आणि त्या सोडल्या म्हणून आपली माणसं आपल्यापासून तुटत नाहीत. मात्र हे कुणी सांगून पटत नाही. भीती वाटत असतानाच, आपल्या हाताने, एकेक वस्तू सोडावी लागते. आणि जो सोडतोय त्याच्याशेजारी कुणीतरी धीराने बसावं लागतं.