वाडीपर्यंत न पोचलेला सांगावा

एका गावात घोंगडी विणणाऱ्यांची एक संस्था होती आणि रामलिंग नावाचा माणूस तिचा चिटणीस होता. गाव डोंगराच्या पायथ्याशी. घरोघरी माग, आणि गल्लीतून चिंचोक्याच्या खळीचा वास. घोंगडीला लागणारी काळी लोकर मात्र गावात होत नसे. ती डोंगरावरच्या वाडीतून येई. तिथे मेंढपाळांची चौदा घरे होती. चढण दोन तासांची. मेंढपाळ रविवारी बाजाराला उतरत, लोकर देत, मीठमिरची घेत आणि ऊन कलायच्या आत परत वर जात.

पुढे गावात टॉवर आला, हातोहाती मोबाइल आले. रामलिंग खटपट्या माणूस. त्याने घोंगड्यांचे फोटो काढून दूरच्या गिऱ्हाइकांना पाठवायला सुरुवात केली. मागण्या येऊ लागल्या. बंद पडलेले माग पुन्हा चालू झाले. पोटासाठी शहरात गेलेली दोन कुटुंबे परत आली. गाव रामलिंगाला मान देऊ लागले, आणि तो मान त्याने कष्टाने मिळवला होता.

त्याने सगळ्या गावाचा मिळून एक ग्रुप केला. बैठकीची वेळ, दवाखान्याची गाडी, सरकारी योजना, सगळे त्यावरच कळू लागले. दवंडी देणाऱ्याला कुणी बोलावीनासे झाले. वाडीत रेंज नव्हती आणि फोनही नव्हता. तिकडे काही कळवायचे राहून गेले, तर रविवारी कुणीतरी सांगेल, असे गाव धरून चाले.

वाडीत मायाक्का नावाची वयस्क बाई होती. नवरा गेल्यावर तिनेच कळप राखला होता. एका बैठकीत ती उठून म्हणाली की तुमच्या फोनात सगळे कळते, मग आम्हालाही त्यात घ्या. रामलिंगाने चौकशी केली. संस्थेने एक पत्र दिले आणि थोडा खर्च उचलला, तर टेकडीवर एक यंत्र बसून वाडीपर्यंत रेंज जाणार होती. बैठकीत काही जण म्हणाले, वर चौदाच तर घरे आहेत. रामलिंगालाही ते पटले. पुढच्या वर्षी बघू, असे म्हणून त्याने कागद बाजूला ठेवला.

त्या साली आसपासच्या मुलखात मेंढ्यांना देवीची साथ आली. एका सोमवारी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप रामलिंगाच्या फोनवर आला. लस घेऊन शुक्रवारी येते आहे, ज्यांची जनावरे आहेत त्यांनी गुरुवारपर्यंत फोनवरून नोंद करावी, असे त्यात होते. रामलिंगाने तो निरोप लगेच ग्रुपवर टाकला. वाडीची आठवण त्याला झाली नाही असे नाही. पण रविवार लांब होता, चढण अवघड होती आणि एका मोठ्या मागणीच्या घोंगड्या बांधून पाठवायच्या होत्या. उद्या जाऊ म्हणता म्हणता गुरुवार उलटला.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई आल्या. गावातल्या शेळ्यांना आणि थोड्याशा मेंढ्यांना त्यांनी लस टोचली. काम दुपारीच आटोपले. गाडीत बसण्याआधी त्यांनी डोंगराकडे बघून विचारले, "वर मेंढ्या नाहीत का कुणाच्या?"

एवढे एकच वाक्य होते. रामलिंगाने खरे सांगितले असते, तर त्याला त्यांच्याबरोबर डोंगर चढावा लागला असता. आठवडाभर निरोप का दिला नाही, हेही सांगावे लागले असते.

तो म्हणाला, "वरून कुणी नोंद केलेली नाही."

बाईंनी पेटी गाडीत ठेवली आणि त्या गेल्या.

त्या रविवारी वाडीतले कुणीच बाजाराला उतरले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मायाक्का एकटी आली, रिकाम्या हातांनी. वाडीत मेंढ्यांना ताप भरला होता, अंगावर फोड उठले होते आणि लोकर पुंजक्यांनी गळत होती. डॉक्टरीणबाईंना बोलावणे गेले. त्या त्याच दिवशी वर चढल्या, जमेल तेवढे उपचार केले. पण जी जनावरे साथीत सापडली होती, त्यांना आता लसीचा उपयोग नव्हता. उतरताना त्या रामलिंगाला म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्या पेटीत या सगळ्यांना पुरेल इतकी लस शिल्लक होती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रामलिंगाला तेच सोसवेना.

महिनाभरात वाडीतल्या निम्म्याहून जास्त मेंढ्या मेल्या. उरलेल्या मेंढ्यांच्या अंगावर कातरण्याजोगे काही नव्हते. कातरणीचा हंगाम आला आणि गेला, पण गावात लोकरीचे एक गाठोडेसुद्धा उतरले नाही. सूत कातणाऱ्या बायका हात बांधून बसल्या. संस्थेने परमुलखातून लोकर आणवली. तिच्या घोंगड्या पहिल्याच पाण्यात भिजून जड झाल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या परत पाठवल्या. रामलिंगाच्या फोनवर मागण्या मात्र येतच होत्या. कुणीतरी विचारी, कधी पाठवता? एकेक करून माग थांबले. शहरातून परतलेल्या दोन कुटुंबांपैकी एकाने पुन्हा सामान बांधले.

गाव साथीला दोष देत होते. खरे काय ते रामलिंगाला माहीत होते, आणि त्याच्याखेरीज गावात कुणालाच माहीत नव्हते. तो गप्प बसला असता, तरी कुणी त्याला बोल लावला नसता. पण एका सकाळी तो उठला आणि डोंगर चढू लागला.

मायाक्का मेंढ्यांच्या रिकाम्या वाड्याजवळ काटेरी कुंपण नीट करत होती. तिने त्याला पाणी दिले. त्याने बसल्या बसल्या सगळे सांगितले, डॉक्टरीणबाईंनी काय विचारले आणि आपण काय उत्तर दिले, तेसुद्धा. तिने हातातली काटेरी फांदी खाली ठेवली.

मग तिने विचारले, "सांगावा कुठं धाडला होतास?"

"फोनवर."

"आमच्याकडं फोन न्हाई, ठावं होतं न्हवं तुला?"

"होतं, मायाक्का."

"मग तो सांगावा आमच्यासाठी न्हवताच, बाबा," ती म्हणाली आणि पुन्हा कुंपणाकडे वळली.

रामलिंग खाली आला. त्याने संस्थेची बैठक बोलावली आणि तेच सगळे भर बैठकीत सांगितले. काही जण त्याच्यावर चिडले. काहींनी मान खाली घातली, कारण चौदाच घरे आहेत असे म्हणणारे ते होते. त्याने चिटणीसपद सोडायची तयारी दाखवली. तेव्हा एक म्हातारा विणकर म्हणाला, "पद सोडून सुटका करून घेऊ नकोस. आधी ते पत्र लिही."

पत्र गेले. टेकडीवर यंत्र बसायला चार महिने लागले. संस्थेने वाडीसाठी फोन घेतले आणि ते चार्ज करायला उन्हावर चालणारी पाटी बसवली. पण फोन देऊन काम भागेना. वाडीत वाचता येणारी माणसे थोडी. मग रामलिंग दर बुधवारी वर जाऊ लागला. बोलून निरोप कसा पाठवायचा, आलेला कसा ऐकायचा, खोटे निरोप कसे ओळखायचे, हे तो घरोघरी बसून शिकवी. मायाक्काची बोटे काठी धरून राठ झाली होती, फोनच्या काचेवर उमटत नसत. तिला शिकायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. संस्थेने आणखी एक नियम केला. वाडीवरून उत्तर आल्याशिवाय निरोप पोचला असे धरायचे नाही. उत्तर आले नाही, तर गावातल्या एकाने डोंगर चढायचा.

दुसऱ्या वर्षी लसीचा निरोप आला, या वेळी थेट वाडीच्या फोनवरही. रामलिंग तो पुढे पाठवणार, तोच डॉक्टरीणबाईंनी त्याला कळवले की सर्वांत आधी नोंद वाडीची आली आहे. त्यांनी तो बोललेला निरोप त्याला ऐकवला. मायाक्का सावकाश, एकेका घराचे नाव घेऊन मेंढ्या सांगत होती. पूर्वीच्या मानाने त्या फारच थोड्या होत्या. मधेच वारा ऐकू येई, मग पुन्हा तिचा आवाज.

लसीच्या दिवशी रामलिंग बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन डोंगर चढला. मायाक्काने त्याच्याकडे पाहिले, पण ती हसली नाही. तिने एक कोकरू उचलून त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "घट धर. सुई टोचताना हलतंय."

त्याने ते दोन्ही हातांनी धरले.

तात्पर्य इतकेच: जी सोय काहींनाच मिळते, ती त्यांनाही फार दिवस तारत नाही. शेवटच्या घरापर्यंत निरोप पोचतो, तेव्हाच गाव खऱ्या अर्थाने जोडले जाते.