घडीचा सुरा

पुष्कळ वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून नावे पडायची होती तेव्हा, एका डोंगराच्या कुशीत आंब्यांवर जगणारे एक गाव होते. शेते नावापुरती होती. आमराईला फळ धरले की गाव जेवायचे. नाही धरले तर कंदमुळे उकरायचे.

त्या गावाच्या वेशीवर एक सपाट दगड होता. परका माणूस आला की त्याने आपल्याजवळचे लोखंड त्यावर ठेवायचे. गावच्या शास्त्रीबुवांनी ते एकदा पाहायचे आणि ‘या’ किंवा ‘जा’ एवढेच म्हणायचे. विचारपूस करायची नाही. पहिली नजर देवाची, दुसरी माणसाची, असे ते गाव मानी.

शास्त्रीबुवा फार शिकलेले होते. जितके शिकले तितके साशंक होत गेले होते. मागच्याच महिन्यात एका तांबटाच्या हातोडीकडे ते इतका वेळ पाहत राहिले, की मागून कोणीतरी म्हणाले, “बुवांना आता दिसेनासं झालं वाटतं.” लोक हसले. ते हसणे बुवांच्या मनात काट्यासारखे मोडून राहिले होते.

अशात एके सकाळी एक उंच, काळासावळा माणूस वेशीवर आला. बुवा आणि गावकरी दगडाभोवती जमले. त्याने कमरेचे शिंगाचे दांडके काढून दगडावर ठेवले.

“हे रे काय? लोखंड ठेव, लोखंड,” जमलेल्यांतला एक गुराखी म्हणाला.

माणसाने दांडके उचलले, अंगठ्याने जोर दिला. खट् असा आवाज झाला आणि दांडक्याच्या पोटातून पाते बाहेर आले. येतच राहिले. पुरते उघडले तेव्हा तो सुरा माणसाच्या हाताएवढा लांब होता.

बायकांनी मुले पदराआड घेतली.

“अगं आई गं!” गुराखी मागे सरला. “माझ्या सासूची जीभसुद्धा एवढी लांब नाही!”

कोणी हसले, पण ते हसणे भ्यालेले होते. एवढा सुरा शास्त्रीबुवांनीही जन्मात पाहिला नव्हता, आणि मिटणारा तर नाहीच नाही. कोयता, कुऱ्हाड दुरून दिसतात. जे पाते आपले तोंड लपवते, त्याच्या मनात काय असेल? झाकलेले शस्त्र म्हणजे झाकलेला हेतू, असे त्यांनी ग्रंथात वाचले होते.

“भिऊ नका, बाबांनो,” तो माणूस म्हणाला. “वर चढताना पोटात घुसू नये म्हणून मिटतो तो.”

“ऐकलंत?” गुराखी ओरडला. “पोटात घुसायचं याच्याच तोंडून निघालं!”

बुवांच्या ओठांवर एक प्रश्न आला. ‘कशावर चढताना?’ एवढाच. पण प्रश्न विचारणे म्हणजे पहिल्या नजरेवर भरवसा नसल्याची कबुली. पुन्हा लोक हसणार. आणि याला आत घेतले, आणि उद्या काही घडले, तर? त्यांनी समोरचे चेहरे पाहिले. मग सुऱ्याकडे न बघताच म्हणाले, “जा.”

माणसाने पाते सावकाश मिटले. तो आमराईकडे बराच वेळ पाहत राहिला. मग आल्या वाटेने निघून गेला.

“आज बुवांनी गाव वाचवलं,” लोक म्हणाले. बुवांना त्या रात्री झोप लागली नाही.

त्या वर्षी आमराईत कितीतरी फांद्यांवर दुसऱ्याच जातीच्या पानांचे हिरवेगार घोस फुटले होते. त्यांना तांबूस, नळीसारखी सुंदर फुले येत. घोसापुढची आंब्याची फांदी वाळली तरी घोस टवटवीत राही. गाव त्याला ‘माहेरवाशीण’ म्हणे. बायका त्या झाडांना हळदकुंकू लावीत. माहेरी आलेल्या लेकीला कोण हात लावणार?

दुसऱ्या वर्षी आंबे निम्मे उतरले. तिसऱ्या वर्षी मोहोरच आला नाही.

तेव्हा शास्त्रीबुवा काठी टेकत डोंगरापलीकडच्या गावी गेले. तिथली झाडे फळांनी वाकली होती. ओट्यावर आंबे निवडत बसलेल्या एका म्हातारीला त्यांनी कारण विचारले.

“दादा, ती पुण्याई एका बांडगूळवाल्याची,” ती म्हणाली. “हाऽ एवढा सुरा होता त्याच्याकडं! आम्हीही भ्यालो. मग मीच विचारलं, बाबा, हे कशाला? तर म्हणाला, झाडाचं रक्त पिणारं बांडगूळ कापायला. फुलं छान येतात त्याला, पण झाड मारतं ते. दोन्ही हातांनी खोड धरून चढायचं, म्हणून सुरा मिटून कमरेला.”

“कुठे आहे तो?”

“गेला, दादा. मागच्या वर्षी तापानं गेला.”

बुवा परतले ते धावतपळतच. त्यांनी गावाला सारे सांगितले. लोक कोयते घेऊन झाडांवर चढले. बायका खाली उभ्या राहून रडत होत्या. हळदकुंकू लावलेल्या लेकींवर घाव पडत होते. पण आता मुळे थेट खोडात शिरली होती. बांडगूळ कापले, तेव्हा वर हिरवे असे काहीच उरले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गाव उठले. एकेक घर डोक्यावर बोचके घेऊन वेशीबाहेर पडू लागले. सर्वांत शेवटी आंब्याच्या टोपल्या विणणारी बुरडीण निघाली. बुवा दगडाशी बसून होते.

“चला की, बुवा.”

“कुठल्या तोंडाने येऊ, बाई? त्या दिवशी प्रश्न माझ्या ओठांवर होता. कशावर चढतोस, एवढाच. लोक हसतील म्हणून गिळला.”

बुरडीण थांबली. तिने डोक्यावरचे बोचके खाली ठेवले.

“माझ्याही मनात तेच आलं होतं,” ती म्हणाली. “वाटलं, एवढे शिकलेले आहेत, तुम्ही विचाराल.”

मग तिने बोचके उचलले आणि ती गेली. बुवा उठले नाहीत. त्या वाटेने पुन्हा कोणी आले नाही.

तात्पर्य: पहिल्या नजरेला दिसते ते रूप; गुण विचारल्यावाचून कळत नाही, आणि वेळेवर न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढे कोणाच्याच कामी येत नाही.