कासारणीची पोपटीण आणि ओटीतलं अंडं

एका गावात एक कासारीण होती. तिच्या ओसरीवर पोपटाचा पिंजरा टांगलेला असे. बांगड्या भरताना कासारीण प्रत्येकीला म्हणायची, "हात सैल सोडा, बाई." ऐकून ऐकून पोपटही तेच म्हणायला शिकला. बायकांना हसू यायचं, हात आपोआप सैल पडायचा आणि बांगडी न फुटता चढायची.

पोपटाच्या गळ्याला अजून कंठ, म्हणजे मोठ्या नराला येतो तो लाल-काळा पट्टा, फुटला नव्हता, म्हणून सगळे त्याला लहान समजत. कासारणीने हौसेने पिंजऱ्यात बांगड्यांचा रिकामा लाकडी डबा ठेवला, त्यात जुन्या लुगड्याच्या चिंध्या घातल्या. आणि एका सकाळी डब्यात अंडं! पोपट कसला, ती पोपटीण निघाली.

एवढंच झालं होतं. कोंबडी रोज अंडं घालते, तिला कोणी हळदीकुंकू लावत नाही. पण कासारणीने गावभर केलं. पिंजऱ्याला हिरवं कापड बांधून पोपटिणीचं चक्क डोहाळजेवण घातलं आणि ते अंडं मूल नसलेल्या एका बाईच्या ओटीत टाकलं. योगायोगाने त्या बाईला दिवस गेले. झालं! गावोगावच्या बायका ओटीसाठी येऊ लागल्या, कासारणीला 'आई' म्हणून तिच्या पाया पडू लागल्या. बाईसाहेब चढून गेल्या.

मग पोपटिणीला रोज गरम गरम शिरा, भिजवलेली डाळ. तिच्या पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवणं. अंडं दिसलं की उचलायचं आणि ओटीत घालायचं. डबा रिकामा दिसला की ती बिचारी पुन्हा घालायची.

एक दिवस गावातली माळीण ओटीसाठी आली. तिलाही मूल नव्हतं, सासूनेच धाडली होती. तिचा जन्म पेरूच्या बागेत पोपट हाकलण्यात गेलेला. तिने पिंजऱ्यात पाहिलं. पोपटिणीच्या छातीची पिसं झडली होती, ती बोलत नव्हती, दांडीवरही बसत नव्हती.

"कासारीणबाई, हिला थांबवा," माळीण म्हणाली. "आमच्या बागेतले पोपट वर्षातनं एकदा ढोलीत अंडी घालत्यात. ही बारा महिने घालतीय. अंगातला चुना सगळा कवचात गेला हिचा. तो डबा काढा. पाठीवर हात फिरवू नका, हिला वाटतं जोडीदार आलाय. शिरा बंद करा, दिवेलागणीला पिंजऱ्यावर कापड टाका. अन् घातलेलं अंडं काही दिवस तसंच राहू द्या, कंटाळून आपणच सोडंल. नर नाही, तर त्या अंड्यातनं पिल्लू कुठलं निघायला? मग त्यानं आमची ओटी कशी भरंल?"

कासारीण फणकारली, "जिची कूस उजवली नाही, ती मला शिकवणार?"

ओसरीवर वीसेक बायका होत्या. सगळ्या त्याच दुःखाने आलेल्या. पण एकीनेही 'असं बोलू नका' म्हटलं नाही. पदर तोंडाला लावून हसल्या मेल्या! मला तर कासारणीपेक्षा त्यांचाच जास्त राग येतो. माळीण मान खाली घालून निघून गेली.

पुढच्या शुक्रवारी ओसरी बायकांनी भरलेली. पोपटीण पिंजऱ्याच्या तळाशी अंग फुगवून कुंथत होती. अंडं अडलं होतं. कासारीण आपली पाठीवर हात फिरवत म्हणतेय, "घाल गं राणी, लोक थांबलेत." दुपारी पोपटीण कलंडली आणि तिचे पाय लुळे पडले. तेव्हा कुठे बाईंचे डोळे उघडले. ती अनवाणी बागेकडे धावली.

माळीण लगेच आली. झाल्या अपमानाचा तिने शब्दही काढला नाही. पोपटिणीला अंधाऱ्या खोलीत नेऊन तिने शेजारी ऊन पाण्याचं पातेलं ठेवलं, वाफेची ऊब दिली. बऱ्याच वेळाने अंडं बाहेर आलं. त्याला कवचच नव्हतं. कवच करायला तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं. पोपटीण वाचली, पण तिचा एक पाय कायमचा अधू झाला.

माळणीने ते लिबलिबीत अंडं कासारणीच्या तळहातावर ठेवलं. "आता हे कुणाच्या ओटीत घालता?"

बाहेरून हाका येत होत्या, "आई, आलं का अंडं?"

कासारीण ओसरीवर आली. "माझ्यापाशी काही नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हतं. मी तुम्हाला फसवलं आणि त्या पाखराला मारायला निघाले होते."

काल पाया पडणाऱ्या बायका तिला शिव्याशाप देत निघून गेल्या.  मग कासारणीने डबा चुलीत घातला आणि माळणीचा शब्द न् शब्द पाळला. हात सवयीने पिंजऱ्याकडे जायचा, ती मागे घ्यायची.

दोन-तीन महिने गेले. माळीण बांगड्या भरायला आली. कासारणीने तिचा हात धरला, पण तिचेच हात इतके कापत होते की बांगडी चढेना. तेवढ्यात एका पायावर तोल सावरत दांडीवर बसलेली पोपटीण बोलली, "हात सैल सोडा, बाई."

कासारणीला रडू कोसळलं.

तात्पर्य: आपली हौस भागवायला मुक्या जिवाला पिळून काढायचं आणि त्याला लाड म्हणायचं, हा छळच आहे. आणि 'थांबा' म्हणणाऱ्याला जे हसतात, तेही त्या छळात वाटेकरी असतात.