फणसाच्या लाकडाचे खण

"आणि चमक कशी वाटते, बुवा?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि सुरंगानं जीभ चावली. धुंडीबुवांची नजर गेल्याला वर्ष उलटून गेलं होतं.

बुवा हसले. "तूच सांग की."

"आरशासारखी आहे. तोंड दिसतं त्यात."

"कुणाचं?"

सुरंगानं खणाच्या तोंडावर वाकून पाहिलं.

"माझं," ती म्हणाली.

आजऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या या मठात ती बेळगावहून आली होती. तिथल्या एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं सगळं काम तिच्याकडे असे. लोक देव्हारे, कपाटं घ्यायला येत ते तिच्या हाताचं पॉलिश मागत, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं. बुवांकडे ती मंत्र मागायला आली होती. बुवा तो कानात सांगत. घेणाऱ्यानं तो कुणापाशी बोलायचा नाही, अशी रीत.

बुवांनी मंत्र दिला नाही. "आमच्या स्वयंपाकघराला खण करून दे," एवढंच म्हणाले.

नजर होती तोवर मठात येईल त्याला बुवा स्वतः रांधून वाढत. नजर गेली आणि डाळीत हिंगाऐवजी सोडा पडला. मग हातही पोळला. मठाचा कारभार पाहणारे वामनराव घाबरले आणि त्यांनी बुवांना चुलीपासून दूर ओसरीवर नेऊन बसवलं. मायेनंच. पण त्या दिवसापासून बुवा दोन घासांवर उठत.

सुरंगानं फणसाच्या फळ्यांना रंधा मारला, मसाल्यांसाठी ओढायचे खण स्वतः बनवले आणि ओट्याखाली ओळीनं बसवले. मग आतबाहेर पॉलिशचे हात दिले, एक सुकला की दुसरा. लांबून माणसं बघायला आली.

"जिरं कुठे ठेवलंस?" बुवांनी विचारलं.

"थांबा, मी काढून देते."

"नको."

बुवांनी हात पुढे केला. खणांच्या तोंडावरून तो नुसता घसरत गेला. हा कुठला, तो कुठला, बोटांना काही कळेना. त्यांनी एक खण ओढून वाकून वास घेतला. पॉलिशचा वास. दुसरा ओढला. तोच वास.

त्यांनी खण हलकेच बंद केला.

"छान झालंय," म्हणाले, आणि भिंत चाचपत ओसरीवर परत गेले.

"मी म्हणतच होतो," वामनराव हळू आवाजात म्हणाले. "आता त्यांनी बसून राहावं, हेच बरं."

सुरंगा खणांपुढे उभी राहिली. प्रत्येक खणात तिचंच तोंड दिसत होतं.

सकाळी तिनं सगळे खण अंगणात काढले आणि काचेच्या तुकड्यानं पॉलिश खरवडायला घेतलं.

वामनराव धावत आले. "अगं, वेड लागलं का तुला? एवढं सोन्यासारखं काम!"

ती खरवडत राहिली. बोटं सोलवटली, तेव्हा फडकं गुंडाळलं आणि पुन्हा बसली. फणसाचं पिवळं लाकूड उघडं पडलं, तेव्हा ती ओसरीवर गेली.

"बुवा, आता काय लावू?"

"काहीच लावू नकोस."

"कोरं ठेवलं तर लाकूड हळद पिईल, तेल पिईल. पावसाळ्यात बुरशी धरेल."

"मग गोडंतेल चोळ."

"बंद खणात तेल खवट होईल. थोड्याच दिवसांत जिरं कुठलं आणि ओवा कुठला, वासावरून कळणार नाही."

"मी सांगतोय, तेल चोळ."

ज्या मंत्रासाठी आपण घरदार सोडून आलो, तो याच माणसाच्या हातात आहे, हे तिला दिसत होतं.

"तुम्ही सांगताय," ती म्हणाली. "तरी नाही."

वामनरावांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "गुरूला नाही म्हणतेस?"



सुरंगानं वाकून नमस्कार केला आणि अंगणात आली. मंत्र तर गेलाच, तिनं मनाशी म्हटलं. निदान खण तरी नीट होऊ देत.

तिनं लाख स्पिरिटमध्ये पातळ विरघळवली आणि कापडाच्या बोळ्यानं खणांना आतून एकच हलका हात फिरवला. सुकल्यावर तो डोळ्यांना जेमतेम दिसे, पण पाण्याचा थेंब वरच्या वर थांबे. खण जिथे घासत सरकतात त्या कडांना फक्त मेण चोळलं. राहिली तोंडं. ती डोळे मिटून बसली आणि लाकडावरून बोटं फिरवू लागली. मग एका खणाचं तोंड तिनं लोण्यासारखं मऊ घासलं. दुसऱ्यावर तारेचा ब्रश असा चालवला की लाकडाच्या रेषा उठून आल्या. तिसऱ्याची गाठ तिनं मुद्दाम राखली. प्रत्येकाचा स्पर्श वेगळा झाला, आणि मग सगळ्यांवर लाखेचा एक पातळ हात.

खण तिनं वाऱ्यावर ठेवले. रोज एकेक बंद करून ठेवायची, मग उघडून नाक आत घालायची. स्पिरिटचा वास पुरता उडाला तेव्हाच मसाले भरले. डोळ्यांना पदर बांधून ओळ चाचपली. चुकली. परत चाचपली. चुकली नाही.

"बुवा, चला," ती ओसरीवर येऊन म्हणाली. कुठल्या खणात काय आहे ते तिनं सांगितलं नाही.

बुवांनी खणांच्या ओळीवर हात ठेवला. हात जाऊ लागला... थांबला. मागे आला. उठलेल्या रेषांवर बोटं क्षणभर रेंगाळली. खण बोटाच्या ओढीनं बाहेर आला.

बुवांनी वाकून श्वास घेतला.

"मोहरी!"

पुढचा. "जिरं!" त्याच्या पुढचा. "मेथी... आणि हा हिंग. अरे, हा हिंग!"

एकेक नाव घेताना त्यांचा आवाज चढत गेला. स्वयंपाकघराच्या दारात माणसं जमली. वामनराव पुढे झाले. "बुवा, चूल पेटलेली आहे, चटका..."

"कळतंय मला. इथून ऊब येतेय. सरक."

पातेल्यात तेल तापलं. बुवांनी कान दिला, नेमक्या वेळी मोहरी सोडली, आणि ती अशी तडतडली की दारातली माणसं हसू लागली. जिरं, मेथी, हिंग, कढीपत्ता. हात खणांकडे जायचा आणि चुलीकडे यायचा, अडखळायचा नाही. शिजलेली डाळ फोडणीत पडली तेव्हा तो खमंग चर्र आवाज पार ओसरीपर्यंत गेला.

बुवांनी सगळ्यांना स्वतः वाढलं. शेवटी तळहातावर थोडी आमटी घेऊन चाखली. वामनराव मान खाली घालून जेवत होते. त्यांनी डोळे पुसले, आणि मग वाटी पुढे केली. "आणखी वाढा, बुवा. अशी आमटी जन्मात खाल्ली नाही."

"अमृत आहे," दुसरा म्हणाला. सगळ्या पंगतीनं माना डोलावल्या.

सुरंगा दाराशी उभी होती. खरवडलेली बोटं अजून हुळहुळत होती, आणि छाती अशी भरून आली होती की तिला रडावं की हसावं कळत नव्हतं. आता मंत्र नाही मिळाला तरी चालेल, असं तिला वाटलं.

"सुरंगा... इकडे ये."

ती आली. बुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचा कान स्वतःच्या तोंडाशी ओढला. पंगतीतले हात थांबले. वामनरावांनी हात जोडले.

बुवा तिच्या कानात म्हणाले,

"मीठ कमी पडलंय. कुणाला सांगू नकोस."